सतराव्या पानावरची लाल रेघ

दादाराव,

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी स्मरणिकेसाठी माझ्याकडं दोन पानं मागितलीत. तुझा जन्म कधीचा, नोकरी कुठं कुठं केलीस, आदर्श शिक्षकाचा पुरस्कार का मिळाला नाही, ते दुसरं कुणीतरी लिहील. मी आपण दोघं बोलायचो तसंच लिहून राह्यलो. आणि खरं सांगू का, मला जल्दी आहे. आज सकाळी मनीषाचा फोन आल्ता. तुझी पोरगी तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन बसलीय. म्हणाली, काका, मी नवव्या पानावर आहे, बाबांचं अक्षर लागायला वेळ लागतो पण गणित समजून राह्यलंय.

त्या वहीच्या सतराव्या पानावर माझी लाल रेघ आहे. तिथं मी तुझं गणित चूक ठरवलं आणि तू ते मान्य केलंस. तुझं गणित बिलकुल चूक नव्हतं. चूक माझ्या तपासण्यात होती, आणि हे मला नऊ वर्षांपासून माहीत आहे. तुला मी सांगितलं नाही. आता तू नाहीस आणि तुझी पोरगी रोज तीन-चार पानं पुढं सरकून राह्यलीय.

तुला आठवतं, एक्क्याऐंशी साली औरंगाबादच्या वसतिगृहात आपल्याला एक खोली मिळाली होती? तुझा बाप परतूरच्या बाजारात कापसाच्या गाड्या भरायचा आणि खाली करायचा, आमच्या घरी दोन गाड्या होत्या. एमएस्सीला तुझा नंबर माझ्या वर आला. ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाला आपणहून सांगितली नाही, आज लिहितो. पुढं तुझे वडील गेले, घरी पगार पाहिजे होता, तू जिल्हा परिषदेची शाळा धरलीस. मी जालन्याच्या कॉलेजात लागलो आणि बदनापूरला घर केलं. लोक मला प्राध्यापक म्हणायचे आणि तुला मास्तर. तू माझ्याकडं काहीतरी तपासायला आणायचास, मी कधी तुझ्याकडं आणलं नाही. हे असं का होतं, तू कधी विचारलं नाहीस, आणि मी स्वतःला विचारायच्या भानगडीत पडलो नाही.

तुझं ते वेड मात्र वसतिगृहापासूनचं. तू म्हणायचास, एक जग असं धर की त्यात नुसती एक सरळ रेघ आहे. वर-खाली काही नाही. त्या रेघेवर कण विखुरलेले आहेत, थांबलेले. पुस्तकात त्याला वायू म्हणतात, आपण दाणे म्हणू. प्रत्येक दाणा दुसऱ्या प्रत्येक दाण्याला ओढतो. आपल्या जगात लांब गेलं की ओढ कमी होते, पण त्या रेघेवर होत नाही. शेजारचा जेवढा ओढतो तेवढाच पार टोकाचा ओढतो. म्हणून कोणता दाणा कुठं जाणार हे काढायला फक्त मोजायचं: त्याच्या उजवीकडं किती, डावीकडं किती. जिकडं जास्त तिकडं तो निघाला. वाटेत दोन दाणे भेटले की चिकटले, पुन्हा सुटका नाही. मी म्हणायचो, दादाराव, अशा जगात राहायला कोण येणार? तू म्हणायचास, राहूनच राह्यलो की आपण.

पुढं हसनाबादला हे वेड तू शाळेत आणलंस. रविवारी शाळा बंद. मी सकाळच्या एसटीनं यायचो. तू दोन बाकं जोडून जुना फळा त्याच्यावर आडवा टाकायचास, खडूनं लांब रेघ मारायचास आणि मुठीत ज्वारी घेऊन रेघेवरून हात फिरवायचास. दाणा पडेल तिथं पडेल. मग पट्टीनं मोजून जागा वहीत लिहायची आणि खेळ सुरू. दर फेरीला उजवे-डावे मोजायचे, आकडेमोड करायची, पेन्सिलीच्या टोकानं दाणा सरकवायचा. भेटलेले दाणे तू गुळाच्या पाकानं चिकटवायचास. मुंग्या लागायच्या आणि तू मुंग्यांवर चिडायचास. एकदा एक मुंगी अख्खा दाणाच घेऊन गेली, तर तू तीन तासांचं काम पुसून पहिल्यापासून मांडलंस. मी तुला येडपट म्हणालो होतो, ते मागं घेत नाही.

त्या फळ्याकडं बराच वेळ पाहिलं तरी काही घडतंय असं वाटायचं नाही. इथं दोन चिकटले, तिथं तीन. वहिनी दुपारी डबा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, हे तर सकाळी होतं तसंच आहे की. आणि मग शेवटच्या दोन फेऱ्यांत सगळी ज्वारी दोन्ही टोकांकडून मधे यायची. आपणच पेन्सिलीनं सरकवत होतो, आपणच आकडे काढत होतो, तरी मला ते बघवायचं नाही. एकदा मी म्हणालो, बंद कर रे, अंगावर काटा येतो. तू हसला नाहीस.

"हे पहिल्या फेरीलाच ठरलं होतं," तू म्हणालास. "आपल्याला दिसायला फक्त उशीर लागला."

याच्यावरून तू ते मोठं गणित उभं केलंस. दाणे शंभर नाही, हजार नाही, कितीही घ्या. एका ठरावीक क्षणापर्यंत सगळे ढीग किरकोळ राहतात. अर्धा वेळ सरला तरी शंभरातले पंचाहत्तर वेगवेगळे दिसतात. आणि तो क्षण आला की सगळ्यांचा एकच गोळा. दाणे जितके जास्त, तितका तो क्षण नेमका. पाणी थंड होत होत एका ठिकाणी गपकन बर्फ होतं, तसं. तू त्याला अवस्थांतर म्हणालास. वही घेऊन तू बदनापूरला आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. चप्पल काढायचं विसरून तू आत आलास आणि आमची बायको तुझ्या पायांकडं बघत राहिली. म्हणालास, गणिताच्या पत्रिकेला पाठवायचंय, पण आधी तू बघ. तू बराबर म्हटलास की मंग पाठवतो.

मी वही चार दिवस ठेवून घेतली. आता मनातलं सांगतो. वाचायच्या आधीच मला ते चूक निघावं असं वाटत होतं. मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो होतो की एका मितीत अवस्थांतर होत नाही. तुला तसं म्हणालो, तर तू शांतपणे म्हणालास की ते फक्त शेजाऱ्याशी बोलणाऱ्या कणांसाठी आहे, इथं या टोकाचा त्या टोकाला ओढतो. हे तुझं म्हणणंसुद्धा बराबर होतं. पण मास्तरनं मला पुस्तक समजावून सांगावं, हे मला जड गेलं.

मग मी आकडेमोड तपासायला बसलो आणि सतराव्या पानावर मला पाहिजे होतं ते सापडलं. दोन दाणे चिकटल्यावर तो जोडदाणा किती जोरानं निघेल? तू उजवे-डावे मोजून तेवढाच जोर धरला होतास. मी लाल शाईनं रेघ मारली आणि लिहिलं: ओझं दुप्पट, म्हणून चाल अर्धी, दोनने भागायचं राहिलं. मी दोननं, तीननं, पाचनं भागत गेलो. मोठे ढीग रेंगाळायला लागले, तो नेमका क्षण पसरट झाला आणि दिसेनासा झाला. तुला समोर बसवून मी समजावलं. बैल तेच, गाडीत दुप्पट कापूस, गाडी हळूच चालणार की नाही? तू जन्मभर त्या गाड्या पाहिलेल्या. मीही. आपल्या दोघांच्या हाडात ते होतं, म्हणून ते आपल्याला इतकं पटलं. तू ते पान पुन्हा वाचलंस, मग म्हणालास, "चूक झाली रे माझी. बरं झालं तू पाहिलंस." आणि वही मिटून पिशवीत टाकलीस. त्या दिवशी तू जेवायला थांबला नाहीस.

मला कळलं ते तीन-चार वर्षांनी, भर वर्गात. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी नेहमीचंच विचारत होतो: गच्चीवरून एक जड दगड आणि एक हलका दगड सोडला तर आधी कोणता पडेल? पोरं म्हणाली, जड. मी म्हणालो, नाही, दोन्ही बरोबर पडतात. जड दगडाला हलवायला जड, पण पृथ्वी त्याला ओढतेही तेवढ्याच पटीनं जास्त. हे बोलता बोलता माझा खडू फळ्यावर थांबला. चिकटलेला दाणा दुप्पट जड होतो, पण त्याच्यावरची ओढही दुप्पट होते. प्रत्येक दाणा आपली बैलजोडी सोबत घेऊनच येतो. दोन दाण्यांच्या गाडीला दोन जोड्या. मी एका जोडीनं सगळा भार ओढायला लावला होता. नववीच्या पोरानं केली असती तर आपण कान पिळला असता, अशी चूक. वर्ग तसाच सोडून मी खाली आलो आणि स्टाफरूममध्ये पाणी पीत बसलो. कागद घेऊन पुन्हा केलं. तुझा क्षण होता तिथंच होता.

पुढच्या रविवारी मी सांगायलाच हसनाबादला आल्तो. खरंच आल्तो. तू अंगणात नवीन मोटारसायकल पुसत होतास, मनीषा मागं बसून हॉर्न वाजवत होती. मी म्हटलं, आज नको, खुशीत आहे. त्याच्या पुढच्या वेळेला तुझ्याकडं पाहुणे. आधी मला लाज वाटत होती, मग उशीर झाल्याची लाज वाटायला लागली, आणि ती पहिल्या लाजेपेक्षा वाईट निघाली. महिन्याचं वर्ष झालं. तू पुन्हा फळा आडवा टाकला नाहीस, ज्वारीचं नाव काढलं नाहीस, आणि मला वाटायला लागलं की विसरला असेल. असं वाटून घ्यायला मला सोपं जात होतं.

तू विसरला नव्हतास. तुझ्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला तू मला पाहुणा म्हणून बोलावलंस. मंडपात पोरं बसलेली, पुढं नववीचा वर्ग. तू माझी ओळख करून द्यायला उठलास आणि ती गोष्ट सांगितलीस, रेघेवरच्या दाण्यांची. म्हणालास, मी चार वर्षं एका गणितावर मेहनत केली, ते चुकलं होतं, या माझ्या मित्रानं एका रेघेत दाखवलं. दर वर्षी तू नववीला हे सांगत होतास, मला तिथं कळलं. गणित येणं मोठं नाही, चूक दाखवली की हो म्हणता येणं मोठं, असं तू त्यांना सांगितलंस. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी, दादाराव. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि भाषणात त्यांना दररोज अभ्यास करायला सांगितलं.

तू मला वर्गासमोर उभं करून जी गोष्ट सांगत होतास, ती मी कशी सहन केली ते विचारू नको. सहन होतं. माणसाला काहीही सहन होतं. जेवण जातं, झोप लागते, परीक्षेचे पेपर तपासून होतात.

मग तुझे पाय सुजायला लागले. तू म्हणालास, उभं राहून शिकवतो ना, म्हणून. मी म्हटलं, असेल. वहिनी मागं लागल्या तेव्हा कुठं तू जालन्याला दाखवलंस, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात. मी भांडायच्याच तयारीत होतो, गेल्या महिन्यापर्यंत हा माणूस मोटारसायकल चालवत होता, असं कसं एकदम? डॉक्टर म्हणाले, एकदम नाही, बरीच वर्षं चाललं होतं, बाहेर दिसत नाही. तू खाटेवरून माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालास, अर्धा वेळ सरला तरी शंभरातले पंचाहत्तर शाबूत दिसतात रे उत्तम्या. डॉक्टरांना वाटलं तुला भ्रम झालाय. मला हसू येईना. ते चुकलेलं गणित तू अजून तोंडपाठ धरून होतास.

आठवड्यातून दोनदा तुला मशीनवर घ्यायला लागले. मी कॉलेज सुटलं की यायचो. दर वेळी ठरवून यायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी तुझा हात बघायचो, त्या सुयांच्या गाठी बघायचो, आणि म्हणायचो, याला आता हे कशाला. ते तुझ्यासाठी होतं की माझ्यासाठी, ते तुला आता बराबर कळत असेल. शेवटचा सोमवार. दुपारची वेळ, वहिनी औषधं आणायला गेलेल्या. तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोपलायस.

"उत्तम्या," तू म्हणालास, "त्या गणितात काहीच नव्हतं का रे? बिलकुल काहीच?"

एवढं उघडं दार मला पुन्हा कधी मिळणार होतं? मी म्हणालो, "आधी बरा हो. मंग निवांत बोलू त्याच्यावर." तू माझ्याकडं बघत राहिलास, जरा जास्तच वेळ, आणि म्हणालास, "बरं." बुधवारी सकाळी तू गेलास. तू ते का विचारलंस, हे मी रोज स्वतःला विचारतो. तुला संशय आला होता? की तू स्वतः पुन्हा करून पाहिलं होतंस, आणि माझ्या तोंडून ऐकायचं म्हणून थांबला होतास? असं असेल तर तू फार थांबलास, दादाराव. माझ्यासारख्यासाठी इतकं थांबायचं नसतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या अंगणात माणसं मावत नव्हती. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. तुझा एक जुना विद्यार्थी, आता तोही शिक्षक आहे, म्हणाला की सरांनी आम्हाला चूक कबूल करायला शिकवलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठलो आणि म्हणालो, दादाराव माझा जिवलग मित्र होता. आणि तेवढ्यावरच मी खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच. पण खाली बसलो तो भीतीनं.

माणसं पांगल्यावर मनीषा माझ्याजवळ आली. ती आता एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, तुझ्यासारखीच मान वाकडी करून ऐकते. तिच्या हातात ती वही. म्हणाली, काका, बाबांनी ही कपाटात कपड्यांच्या खाली ठेवली होती. चुकलेलं गणित कुणी एवढं जपून ठेवतं का? मी ते पुन्हा करून पाहू का? आणि मी, तुझ्या फोटोसमोर, उदबत्तीचा वास येत असताना, म्हणालो, नको बेटा, परीक्षा जवळ आलीय, त्यात वेळ घालवू नको. तिनं मान डोलावली. ऐकलं नाही, तेही तुझ्यासारखंच.

त्या दिवसापासून फोन यायला लागले. पहिल्या फोनला म्हणाली, तिसरं पान. मग सहावं. आज नववं. दर फोनला माझी बायको रिसीव्हर माझ्या हातात देते आणि माझ्या तोंडाकडं बघते. मनीषा काही आरोप करत नाही, उलट आनंदानं सांगते की बाबांची ही पायरी किती सुरेख आहे. मी हो म्हणतो. तिला अडवायला माझ्याकडं काही नाही, आणि आता अडवावं असंही वाटत नाही. फक्त तिनं ते माझ्याकडून ऐकावं, वहीतून नाही, एवढंच राहिलंय.

म्हणून हे घाईनं लिहिलं. हिशेब केला तर तिला सतराव्या पानावर पोचायला अजून दोन दिवस आहेत. उद्या सकाळच्या एसटीनं हसनाबादला येतो. आधी मनीषाला समोर बसवून सगळं सांगतो, मग हे कागद वहिनींना वाचून दाखवतो, मग मुख्याध्यापकांकडं देतो. छापोत न छापोत. नववीच्या वर्गाला कळलं पाहिजे. एकदा तरी मी आपल्या पायानं चालत जाऊन सांगितलं, असं व्हावं.

इथपर्यंत लिहिलं आणि फोन वाजला. मला वाटलं कॉलेजातून असेल.

"काका," मनीषा म्हणाली, "पान सतरावर तुम्ही दोननं भागलंय. का?"

मी म्हणालो की तू तर नवव्या पानावर होतीस. ती म्हणाली, आज दिवसभर बसले, मधली पानं सोपी होती. मग पुन्हा विचारलं, का भागलंय?

"चूक आहे ती," मी म्हणालो. "माझी. भागायचं नव्हतं. तुझ्या बाबांचं बराबर होतं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत."

पलीकडं वहिनींचा आवाज आला, कोण आहे गं. मनीषा माझ्याशीच बोलत राहिली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"नऊ वर्षं झाली."

"म्हणजे बाबा होते तेव्हा," ती म्हणाली.

मी हो म्हणालो, दादाराव. तिनं फोन ठेवला.